गावात राहून डिजिटल फोटोग्राफी शिकायची, तर पुस्तक आणि क्लास कसे निवडावेत?

तालुक्याच्या गावात दोन-तीन फोटो स्टुडिओ असतात, पण फोटोग्राफीचं पुस्तक मागायला गेलं की दुकानदार स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्याकडे बघतो आणि नागपूरला विचारा म्हणतो. क्लासचंही तेच. शहरातला मुलगा एक क्लास सोडून दुसऱ्या गल्लीतला धरू शकतो. विदर्भातल्या चिमूरच्या किंवा धारणीच्या पोरीला घरून एकदाच परवानगी मिळते, पैसेही एकदाच निघतात. म्हणून निवड आधी नीट करायला हवी, आणि ती कशी करायची तेच या लेखात लिहितो आहे.

माझं मत ठाम आहे. पुस्तक असो की शिक्षक, त्याची परीक्षा आपल्या उजेडावर आणि आपल्या कामावर घ्यावी. एप्रिल-मे महिन्यातलं बाराचं ऊन, मांडवाच्या रंगीत कापडातून गाळून येणारा लाल-पिवळा प्रकाश, फुटलेल्या कापसाचं पांढरंशुभ्र वावर आणि गोरज मुहूर्ताला झपाट्याने पडणारा अंधार, या चार ठिकाणी इथल्या फोटोग्राफरचा कस लागतो. तिथे जे उपयोगी पडेल ते आपलं. बाकीचं कितीही देखणं असलं तरी नंतर बघता येईल.

पहिली पायरी: पैसे खर्च करण्याआधी

तुमच्याकडे जो कॅमेरा आहे त्याचं मॅन्युअल मिळवा. सेकंडहँड घेतलेल्या कॅमेऱ्यासोबत ते सहसा येत नाही, पण कॅनन, निकॉन, सोनी यांच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव टाकलं की पीडीएफ फुकट उतरवता येतं. सगळं वाचायची गरज नाही. पाच गोष्टी शोधा: मोड बदलायची चकती, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते), एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो थोडा उजळ किंवा गडद करायची सोय), व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाशी जुळवून घ्यायची सोय) आणि फोकस पॉइंट (फोटोत नेमकं कुठे स्पष्ट हवं ते). चकतीवरची अक्षरं कंपनीनुसार बदलतात. अपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) आपण ठरवायचं आणि शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) कॅमेऱ्याने, या मोडला कॅननवर एव्ही लिहिलेलं असतं, तर निकॉन आणि सोनीवर नुसतं ए. शटर आपण ठरवायचं असेल तर कॅननवर टीव्ही, बाकी दोघांवर एस. एवढं माहीत असलं की पुस्तक कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर लिहिलेलं असो, अडत नाही.

मग काही आठवडे रोज थोडे फोटो काढा आणि बिघडलेले फोटो डिलीट करू नका. एका वहीत लिहा: हात हलल्याने धूसर झाला, की माणूस हलला? चेहरा काळा पडला? रंग विचित्र आला? फोकस मागच्या कुंपणावर गेला? ही वही तुमच्या खरेदीची यादी आहे. हलणारे फोटो जास्त असतील तर शटर स्पीड नीट समजावणारं पुस्तक हवं. चेहरे काळे येत असतील तर उजेडाचं हवं. ही वही नसताना दुकानात गेलं की मुखपृष्ठावरच्या वाघाकडे बघून पुस्तक घेतलं जातं.

फक्त मोबाइल असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ बदलता येतात, पण बहुतेक मोबाइलचं अपर्चर कायमचं ठरलेलं असतं. त्यामुळे अपर्चरवर पन्नास पानं खर्च करणारं पुस्तक आज तुमच्या हाती सरावाविना पडून राहील. मोबाइलवाल्याने चौकट, उजेडाची दिशा आणि क्षण पकडणं यांवर भर देणारं पुस्तक आधी घ्यावं. एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याचं, पुस्तक कॅमेरा हाती आल्यावर.

पुस्तक उघडून काय तपासायचं

सरळ एक्स्पोजरच्या प्रकरणावर जा. एकच दृश्य वेगवेगळ्या अपर्चरला काढून शेजारी शेजारी छापलं आहे का? एफ/४ ला (आकडा लहान म्हणजे भोक मोठं) मागचं धूसर, एफ/१६ ला मागचंही स्पष्ट, हा फरक डोळ्यांना दिसायला हवा. प्रत्येक फोटोखाली अपर्चर, शटर, आयएसओ आणि लेन्स लिहिलेली आहे का? सुंदर फोटोखाली नुसतं ठिकाणाचं नाव असेल तर ते चित्रांचं पुस्तक झालं, शिकायचं नव्हे. लेन्सही बघा. उदाहरणं सगळी लाखमोलाच्या लेन्सची असतील तर कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सवर तो परिणाम मिळणार नाही आणि शिकणारा स्वतःलाच दोष देत बसेल.

आता पुस्तक वावरात नेऊ. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. कापूस फुटलेल्या पऱ्हाटीवर कॅमेरा रोखला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो अंधारवतो; कापूस मळकट दिसतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) अधिक करावं लागतं. उलट, काळ्याभोर म्हशीने किंवा नांगरलेल्या काळ्या जमिनीने चौकट भरली की कॅमेरा फोटो उजळवतो आणि म्हैस राखाडी होते. तिथे एक स्टॉप उणे. पुस्तकात कापूस नसेल, बर्फ असेल. चालेल, तत्त्व एकच आहे. पण हे तत्त्वच कुठे नसेल तर पुस्तक परत ठेवा. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि उन्हात रापलेला सावळा चेहरा, हा आपल्या गावातला रोजचा फोटो आहे आणि तो या एका प्रकरणावाचून जमत नाही. बाहेरदेशी लिहिलेल्या बऱ्याच पुस्तकांत गोऱ्या चेहऱ्यांचीच उदाहरणं असतात; सावळ्या चेहऱ्यावर मीटर कसा लावायचा हे सांगणारं पुस्तक मिळालं तर चार पैसे जास्त द्या.

दुपारच्या उन्हाचं प्रकरणही शोधा. सकाळी आणि संध्याकाळी फोटो काढा, दुपारी कॅमेरा ठेवून द्या, हा सल्ला निसर्गचित्रांपुरता ठीक आहे. आपल्याकडे अर्धी लग्नं बाराच्या आसपास लागतात, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोड्याही उन्हातच पळतात. फोटोग्राफर संध्याकाळची वाट पाहत बसला तर लग्न लागून पंगती उठतील. चांगलं पुस्तक दुपारसाठी उपाय देतं: माणसाला कडुनिंबाच्या किंवा ओसरीच्या सावलीत आणणं, पांढऱ्या कापडाने खालून उजेड उचलणं, फ्लॅशने डोळ्यांखालची सावली भरणं. फ्लॅशच्या बाबतीत ते पुस्तक सिंक स्पीडबद्दल बोलतं का पाहा. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत फ्लॅश १/२०० सेकंदाच्या आसपासच्या शटरपर्यंतच नीट चालतो. त्याहून वेगाने गेलं की फोटोत काळी पट्टी येते.

याच्याशी जोडलेला एक जुना नियम पुस्तकात असेल तर उत्तमच. निरभ्र आकाशाच्या भर उन्हात अपर्चर एफ/१६ ठेवलं तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं ठेवायचं: आयएसओ १०० ला साधारण १/१००. त्याच हिशेबाने एफ/११ ला १/२०० आणि एफ/८ ला १/४००. म्हणजे दुपारी फ्लॅश लावायचा असेल तर आयएसओ १००, एफ/११, १/२०० हे आकडे मनातल्या मनात निघतात. फिल्मच्या काळातला हा नियम आपल्या दिवाळीनंतरच्या कडक उन्हात नेमका लागू पडतो आणि मॅन्युअल मोडची भीती घालवतो.

मांडवासाठी व्हाइट बॅलन्सचं प्रकरण तपासा. कापडाचा लाल रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो तेव्हा ऑटोवर विसंबून चालत नाही. पांढऱ्या कागदावरून कस्टम व्हाइट बॅलन्स कसा लावायचा आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढली तर रंग नंतर कसा सुधारतो, हे चित्रांसह हवं. गोरज मुहूर्तासाठी वाढत्या आयएसओचं प्रकरण हवं: १६०० आणि ३२०० ला फोटोत किती दाणे येतात ते छापून दाखवलेलं असावं. शंकरपटासाठी १/१००० च्या आसपासचा शटर आणि पळत्या जोडीसोबत कॅमेरा फिरवण्याची पद्धत. एवढं तपासायला दुकानात फार वेळ लागत नाही.

आणि छपाई बघा. फुटपाथवर मिळणाऱ्या नकली प्रतीत फोटो धुरकट छापलेले असतात. धूसर आणि स्पष्ट यांतला फरक शिकवणारं पुस्तकच धुरकट असेल तर शिकणार काय? मोबाइलवर वाचायच्या ई-बुकमध्ये रंग बरे दिसतात, पण दोन फोटो शेजारी ठेवून बघायला पडदा अपुरा पडतो. शक्य असेल तर पहिलं पुस्तक कागदावरचं घ्या.

जुनं चालतं का?

चालतं, पण कोणतं प्रकरण जुनं आहे ते कळलं पाहिजे. उजेड, अपर्चर, शटर, चौकट यांवर लिहिलेलं कधी शिळं होत नाही. मेमरी कार्ड, संगणकातली सॉफ्टवेअर, कॅमेऱ्याचे मेनू यांवरची पानं मात्र पाच-सात वर्षांत जुनी होतात. सेकंडहँड पुस्तक घेताना पहिल्या भागावर भर असेल तर निर्धास्त घ्या.

दोन इंग्रजी पुस्तकांची नावं सांगतो, कारण त्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि तुम्हाला कोणती रुचते ते ठरवता येईल. ब्रायन पीटरसन यांचं ‘अंडरस्टँडिंग एक्स्पोजर’ पहिल्यांदा १९९० मध्ये आलं, म्हणजे फिल्मच्या काळात. पुढे डिजिटलसाठी सुधारत त्याची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. ते एकच विषय धरून खोल जातं. ज्याला ‘असं का’ हा प्रश्न पडतो त्याने ते घ्यावं. स्कॉट केल्बी यांचं ‘द डिजिटल फोटोग्राफी बुक’ २००६ चं. त्यात एका पानावर एक युक्ती आणि एक फोटो, सिद्धांत कमीत कमी. लग्नाचा सीझन तोंडावर आला आहे आणि लगेच हात चालवायचा आहे, अशाला ते बरं. दोन्ही एकदम घेऊ नका. एक पूर्ण वापरून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी जड जात असेल तर मराठी किंवा हिंदी पुस्तक आधी घ्या, त्यात काही कमीपणा नाही. कसोटी तीच लावा.

विकत घेण्याआधी वाचनालयात जा. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, गावोगावच्या वाचनालयांना त्याखाली अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकं घेतली जातात. फोटोग्राफीचं पुस्तक कपाटात नसतं, कारण ते कोणी मागत नाही. पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि आयएसबीएन क्रमांक लिहून ग्रंथपालांना रीतसर अर्ज द्या, सोबत आणखी चार-पाच सभासदांच्या सह्या घ्या. जिल्हा ग्रंथालयातही हेच करता येतं. पुढच्या खरेदीत पुस्तक आलं तर तुमच्यानंतरच्या पोरांनाही ते मिळेल.

क्लासचे पर्याय

विदर्भातल्या खेड्यातून जाता येईल असे साधारण चार रस्ते दिसतात.

पहिला, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे आरसेटी. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, बँकांनी चालवलेली, साधारणपणे प्रत्येक जिल्ह्यात एक. ग्रामीण तरुणांसाठी प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत असतं. फोटोग्राफी आणि व्हिडिओग्राफी हा ३० दिवसांचा कोर्स त्यांच्या यादीत आहे. पण प्रत्येक केंद्र तो दरवर्षी घेतंच असं नाही. इच्छुकांची पुरेशी नावं जमली तर बॅच लागते. म्हणून एकट्याने चौकशी करण्यापेक्षा आसपासच्या गावांतून नावं गोळा करून जिल्ह्याच्या केंद्रात जा, वयाची अट आणि कागदपत्रांची यादी विचारून घ्या, आणि पुढची बॅच कधी ते लिहून आणा. बचत गटातल्या महिलांनी तर हे जरूर करावं. महिनाभर राहून शिकायचं म्हणजे रोजचा प्रवासही नाही. कोर्सचा भर धंदा सुरू करण्यावर असतो, त्यामुळे ग्राहकाशी बोलणं, हिशेब, बँकेचं कर्ज याही गोष्टी शिकवतात.

दुसरा रस्ता आयटीआयचा. ‘डिजिटल फोटोग्राफर’ नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण तो मोजक्या आयटीआयमध्येच असतो. प्रवेशाच्या वेळी संस्थांच्या यादीत शोधा.

तिसरा, तालुक्याच्या स्टुडिओत सीझनभर हाताखाली राहणं. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालणाऱ्या कामात गर्दीत जागा कशी धरायची, मामा-मावशीला न दुखावता बाजूला कसं करायचं, हार घालायचा क्षण कसा चुकवायचा नाही, हे कुठलंही पुस्तक शिकवू शकत नाही. मात्र आधीच बोलून घ्या: किती लग्नांत नुसता लाइट धरायचा आणि केव्हापासून कॅमेरा हातात मिळणार? स्टुडिओवाले दादा माझे फोटो बघून चुका सांगणार का? स्टुडिओवाल्याचे आकडे अनुभवाने ठरलेले असतात, कारणं सांगायला त्याला सवड नसते. म्हणून या रस्त्याने जाणाऱ्याला सोबत एक पुस्तक लागतंच.

चौथा, नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांतले शनिवार-रविवारचे क्लास. इथे खर्च मांडताना फीशेजारी बसभाडं, जेवण आणि बुडालेली मजुरी लिहा. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा हिशेब हलका होतो. शेवटची बस किती वाजता सुटते ते क्लासच्या वेळेशी ताडून बघा. संध्याकाळच्या उजेडाचा सराव ठेवलेल्या दिवशी तुम्हाला पाचलाच निघावं लागत असेल तर तो दिवस तुमच्यासाठी वायाच. गडचिरोलीच्या टोकावरच्या सिरोंच्यासारख्या ठिकाणाहून तर नागपूरची एक फेरी म्हणजे जाण्यायेण्यातच दिवस मोडतात. तिथल्या माणसाने साप्ताहिक क्लासऐवजी सलग राहून करायचा कोर्सच धरावा.

ऑनलाइन व्हिडिओ आहेतच. एका वेळी एकाच शिक्षकाची मालिका धरा, क्रमाने बघा, नेट बरं असेल तेव्हा उतरवून ठेवा. विज्ञानाची ओढ असेल आणि इंग्रजी झेपत असेल तर स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवलेले मार्क लेव्हॉय यांची डिजिटल फोटोग्राफीवरची व्याख्यानं २०१६ पासून फुकट खुली आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती फार आवडतील.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

एका कॅमेऱ्यावर किती विद्यार्थी? एकूण तासांपैकी वर्गाबाहेर किती? आमचे फोटो पडद्यावर लावून त्यांवर बोलणार का? हा तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. ज्या क्लासमध्ये दर आठवड्याला प्रत्येकाचे चार-पाच फोटो सगळ्यांसमोर तपासले जातात, तो साध्या खोलीत भरत असला तरी उत्तम. ज्यात शिक्षक फक्त स्वतःचे फोटो दाखवतो, तिथे माहिती मिळते, हात सुधारत नाही.

मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांचे फोटो मागा, शिक्षकांचे नाही. शक्य असेल तर त्यातल्या एखाद्याशी बोला. एक तास बसून बघू द्या म्हणा. चांगला शिक्षक नाही म्हणत नाही. त्या तासात कोणी चुकीचा प्रश्न विचारला तर त्याला कसं उत्तर मिळतं ते ऐका. वऱ्हाडीत बोलणाऱ्या पोराला जिथे हसलं जातं तिथे तो दुसरा प्रश्न विचारणार नाही, आणि प्रश्नाविना ही विद्या येत नाही.

काही ठिकाणी फोटोग्राफीचा क्लास म्हणून फोटोशॉपमध्ये अल्बम डिझाइन करायला शिकवतात. त्या कामालाही पैसे मिळतात, ते शिकावंही, पण तुम्हाला कॅमेरा शिकायचा असेल तर अभ्यासक्रमाचा कागद मागून बघा की कॅमेऱ्याचे दिवस किती आणि संगणकाचे किती. संगणकाचा सराव घरी करायला डार्कटेबल आणि गिंप ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

फीची पावती घ्या, मधेच सोडावं लागलं तर काय हे लेखी घ्या. प्रमाणपत्रासाठी फार पैसे मोजू नका. लग्नाचं काम देणारा माणूस तुमचा अल्बम बघतो. कर्जाच्या किंवा नोकरीच्या कामाला प्रमाणपत्र लागणार असेल तर आरसेटी किंवा आयटीआयचं घ्यावं.

वाघाच्या कार्यशाळेबद्दल

ताडोब्याच्या आसपास राहणाऱ्या पोरांना वन्यजीव फोटोग्राफीच्या कार्यशाळांचं आकर्षण असतं, ते साहजिक आहे. पण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये. लांब पल्ल्याची, ४०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लागते, जिप्सी हलत असते, वाघ बहुतेक वेळा पहाटेच्या नाहीतर सांजेच्या कमी उजेडात दिसतो. एक्स्पोजर बोटांत बसलेलं नसेल तर त्या काही सेकंदांत काहीच जमत नाही. ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, एरवीही मंगळवारी बंद, हे तारीख ठरवताना पाहावं. तोवर गावतळ्यावरचे बगळे, धुऱ्यावरचा नीळकंठ, भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत उतरणारे सारस यांच्यावर हात बसवा. बगळा म्हणजे पुन्हा पांढऱ्या रंगाचाच धडा.

केव्हा सुरू करावं

शेतीचं काम सांभाळून शिकणाऱ्याने पावसाळ्यात पुस्तक धरावं. आषाढ-श्रावणात ढगाळ, मऊ उजेड असतो, चेहऱ्यांच्या सरावाला तो सोपा. दर आठवड्याला एकच प्रकरण, आणि त्याच प्रकरणाचे फोटो. पोळ्याला हलणाऱ्या विषयाची पहिली परीक्षा होते. दिवाळीनंतर कापूस वेचणीला येतो तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. झाडीपट्टीतले (पूर्व विदर्भातले) असाल तर याच दिवसांत नाटकं सुरू होतात. मंडळीची परवानगी घेऊन फ्लॅशशिवाय रंगमंचाचे फोटो काढा, वाढता आयएसओ एका रात्रीत कळतो. क्लासला जायचं तर वेचणी आटोपल्यावर, पळस फुलायच्या सुमारास, म्हणजे शिकलेलं लगेच लग्नसराईत वापरता येतं.

उन्हाळ्यात कॅमेरा जपा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये वापराचं कमाल तापमान ४० अंश दिलेलं असतं आणि चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो ठेवू नका, वापर नसेल तेव्हा सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. मळणीच्या धुळीत लेन्स बदलू नका. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरते. क्लास कितीही चांगला असला तरी हे सांगायला बरेच शिक्षक विसरतात, तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्हीच विचारा.